दसऱ्याचं धुणं

इस्लापूरच्या आसपासच्या सतरा गावांत मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. मी हिवतापाचा आरोग्य सेवक. बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, डबक्यात औषध टाकायचं आणि वरून आलेले हुकूम खाली पोचवायचे, एवढंच माझं काम. हुकूम पोचवताना डोकंही वापरायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. ज्या मच्छरदाणीमुळे कळलं, तिला मी सव्वा वर्ष गावोगाव आदर्श म्हणून मिरवत होतो.

दोन हजार अकराच्या जूनमध्ये आमच्याकडे नव्या मच्छरदाण्या आल्या. त्याआधी दरवर्षी शाळेच्या ओट्यावर औषध कालवून गावाच्या मच्छरदाण्या त्यात बुचकळाव्या लागत. या नव्यांच्या धाग्यातच औषध मुरवलेलं होतं. डास जाळीवर बसला की खलास, आणि वीस वेळा धुतली तरी औषध टिकतं, असं प्रशिक्षणात सांगितलं. धुवायची कशी तेही सांगितलं होतं: थंड पाणी, साधा साबण, वाळवायची सावलीत. पण आमची माणसं मला माहीत. वीस वेळा म्हटलं की दर सोमवारी धुतील. म्हणून मी शहाणपणा केला आणि सगळीकडे एकच वाक्य सांगितलं, "धुवायची नाही." कमी बोलण्यात काम भागतं, अशी माझी समजूत होती.

लोकांनी काय केलं? कोणी पैनगंगेवर नेऊन मासे धरले. कोणी वांग्याच्या रोपांवर अंथरली. एकाने म्हशीच्या गोठ्यात बांधली आणि मलाच ऐकवलं, "मी तापलो तर बायको बघंल, म्हैस तापली तर दूध कोन देनार?" राहिलेल्या मच्छरदाण्या बायकांनी चार महिन्यांत दसऱ्याच्या धुण्यात काढल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

एकट्या बोरखडीच्या चांगुणाबाईची मच्छरदाणी जशीच्या तशी. चुलीच्या धुरानं काळवंडलेली, पण पाणी न लागलेली. मग काय विचारता! ग्रामसभेत, बचत गटात, शाळेत, जिथे जाईन तिथे मी सांगायचो, "चांगुणाबाईकडून शिका. चार बुकं शिकली नाही ती बाई, पण सांगितलेलं ऐकते." चांगुणाबाई समोर असली तर पदर तोंडाशी धरून खाली बघायची. मला वाटायचं, लाजते बिचारी.

चांगुणाबाईचा नवरा व्यंकट, चार एकर कापूस आणि एकच मुलगी, साक्षी. मच्छरदाण्या आल्या त्याच महिन्यात साक्षीला दहावीत ब्याण्णव टक्के पडले. त्या दिवसांत नांदेड-लातूरकडे नव्वदच्या वर गेलेलं लेकरू घरी ठेवणं म्हणजे गुन्हाच. जो तो म्हणे, लातूरला घाला, क्लास लावा, डॉक्टर होईल. व्यंकट तयार, पण चांगुणाबाईचा पाय निघेना. पोरगी राहणार कुठे, खाणार काय? तेव्हा मीच बोललो, "माझी बायको लातुरात मुलींची खानावळ चालवते. वरच्या खोलीत चार मुली ठेवते. घरच्यासारखी राहील." चांगुणाबाईनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या भरोशावर धाडते." नव्या मच्छरदाणीत जेमतेम पंधरा दिवस निजून साक्षी लातूरला गेली.

माझी बायको बसम्मा लातुरात आणि मी किनवटच्या जंगलाच्या कडेला इस्लापुरात, हे कसं, तेही सांगून टाकतो. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या गणपतीला मी रजा मागितली होती. फवारणी चालू आहे म्हणून मिळाली नाही. विसर्जन झालं त्याच रात्री, पहाटे पहाटे भूकंप झाला. बसम्माला दुपारी ढिगाऱ्यातून जिवंत काढली. आमची रुद्राणी सहा वर्षांची होती. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा तिचं सगळं उरकलेलं होतं.

त्यानंतर बसम्माला इस्लापूर नको झालं आणि सरकारनं बांधून दिलेलं नवं घरही नको. ती लातूरला भावाकडे गेली आणि दुसऱ्यांच्या मुलींना जेवू घालू लागली. क्लास वाढले तशा मुली वाढल्या. मी महिन्यातून दोनदा जायचो. मला तिची आठवण रोज यायची आणि बदलीचा अर्ज मी एकदाही केला नाही. दोघं एका घरात बसलो की तिसरं कोण नाही ते फार दिसायचं.

साक्षी तिथे रमली. बसम्माला मामी म्हणायची, मला मामा. पण क्लासवाल्यांनी दिवाळीत जादा तास ठेवले, उन्हाळ्यात सुटीची बॅच ठेवली. पोरगी घरी म्हणून आली नाही. व्यंकट दोनदा जाऊन भेटून आला. चांगुणाबाई एकदा गेली, दोन तास बसली, पोरीचा क्लास लागला म्हणून उठली. मला दिसली की नेहमी एकच विचारायची, "भाऊ, जेवती का ती?"

आता ते दसऱ्याचं धुणं. आमच्याकडे त्याला दसरा काढणं म्हणतात. घट बसायच्या आधी घरातलं कापड न कापड, गोधड्या, वाकळा, सतरंज्या, सगळं नदीवर न्यायचं. मोठ्या पातेल्यात सोडा टाकून उकळायचं, दगडावर आपटायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. घरात एक चिंधी पारोशी राहिली तरी घट बसवायला बायकांचा हात धजत नाही. पहिल्या वर्षी चांगुणाबाईनं मच्छरदाणी पत्र्याच्या पेटीत लपवली होती आणि धुतली म्हणून शेजारणीला खोटं सांगितलं होतं. देवीशी खोटं बोलण्याइतकंच ते. माझ्या शब्दाखातर एवढं करते, म्हणून मी मनातल्या मनात फुशारलो होतो.

दुसऱ्या वर्षी, बाराच्या ऑक्टोबरात, क्लासनं चार दिवस सुटी दिली. साक्षी घट बसायच्या दिवशी गावी आली आणि चौथ्या माळेला सकाळच्या गाडीनं परत गेली. त्याच दुपारी मी तपासणीला बोरखडीत होतो.

चांगुणाबाईच्या घरात शिरलो आणि थबकलो. बाजेवर पांढरीशुभ्र मच्छरदाणी बांधलेली.

"ही कोणाची?"

"आपलीच की भाऊ. औंदा काढली धुऊन. पोरगी यायच्या आदल्या दिशी. कशी निघाली बघा, बगळ्यावानी."

"सोडा टाकला?"

"टाकला न काय! उकळून काढली. दिवसभर उन्हात घातली."

माझं डोकं फिरलं. मी तिथेच आवाज चढवला. सव्वा वर्ष तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचलो, गावोगाव तुमचं नाव सांगितलं, आणि ऐन तापाच्या दिवसांत हे केलंत? माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

चांगुणाबाईनं पदर तोंडाशी धरला नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यासाठी ठेवली व्हती का मी?"

ती बाजेच्या कडेला टेकली.

"ती गेली त्या दिशी मी ही सोडून घडी करायले, तर उशाकडच्या जाळीला तिच्या तेलाचा वास. माका घालून मी करते ना खोबरेल, त्याचा. तिथंच बसले. मंग म्या घडी केलीच न्हाई. रोज निजताना तेवढी जाळी तोंडावर घ्यायची. लई दिवस वास व्हता, भाऊ. मागून मागून नुसता धूरच येत व्हता, पर मला त्यातून बी सापडायचा. तुम्ही धुवू नका म्हनलात, लई बरं झालं. कोनी इचारलं तर सांगायला झालं."

"मग आता कशाला धुतली?"

"आता ती सोता यायली म्हनल्यावर वासाला काय करू? आन् लेकरू लातूरला चांगल्या खोलीत राहायलंय, त्याला धुरकटल्या जाळीत निजवू व्हय? धुतली. धुताना गानं म्हनले मी." ती हसली आणि लगेच माझ्या तोंडाकडे बघून थांबली. "का हो? काय झालं?"

मी बाजेवर बसलो आणि सव्वा वर्षापूर्वी सांगायचं ते त्या दिवशी सांगितलं. औषध धाग्याच्या आत असतं आणि थोडं थोडं वर येत राहतं. साध्या पाण्यात धुतली तर फार बिघडत नाही. सोडा घालून उकळली, आपटली, उन्हात भाजली, तर वरचं सगळं जातं आणि आतलं वर यायला बरेच दिवस लागतात. तोवर ती नुसती जाळी. अंग टेकलं तर डास बाहेरून खुशाल चावतो.

"पाय टेकत व्हते तिचे," चांगुणाबाई हळूच म्हणाली. "उंच झाली ना ती. सकाळी पायावर गांधी उठल्या व्हत्या. मी खोबरेल चोळलं."

बोरखडीत त्या महिन्यात तापाचे नऊ रुग्ण निघाले होते. त्यातले सहा डोक्यात जाणाऱ्या मलेरियाचे. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिला गाव माहीत होतं.

ती उठली आणि जाळीवरून बोटं फिरवू लागली. "म्हंजी गेलेलं औषध परत वर येतं?"

"येतं. आतून, सावकाश."

"मंग तिचा वास बी येईल का?"

मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो.

इस्लापूर स्टेशनच्या पाण्याच्या टाकीपाशी फोनला रेंज यायची. तिथवर सायकल हाणताना मला एकच गोष्ट आठवत होती. भूकंपानंतरच्या छावणीत एका बाईनं ढिगाऱ्यातून सापडलेला रुद्राणीचा फ्रॉक आणून दिला होता. लांबून मदतीला आलेली चांगली बाई. मातीनं भरलेला कसा द्यायचा म्हणून तिनं तो साबण लावून धुतला होता, वाळवून नीट घडी घातली होती. बसम्मानं फ्रॉक नाकाला लावला आणि त्या बाईच्या अंगावर धावून गेली. "धुतलीस का? तुला कुनी सांगितलं व्हतं धुवायला?" मी त्या बाईपुढे हात जोडले आणि म्हणालो, "माफ करा, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय." हे बसम्माच्या समोर म्हणालो. तो फ्रॉक कुठे आहे, हे एकोणीस वर्षांत मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

फोनवर बसम्माला मी सगळं सांगितलं. साक्षीला पंधरा दिवसांत कधीही ताप आला तर अंगावर काढू देऊ नकोस, पहिल्याच दिवशी रक्त तपासून घे.

"पोरगी तर टुणटुणीत हाय," ती म्हणाली. "ती बाई जाळी धुतेय कशाला पन?"

"पोरगी येणार म्हणून."

पलीकडे तिनं चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ठीक हाय. बघते मी," आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी मोजले. चांगुणाबाईही मोजत होती. रोज दुपारी उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसायची, मी नाही म्हणून मान हलवली की जायची. दसरा झाला. सोनं द्यायला आली तेव्हा तिनं आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली आणि बोटांवर दिवस मोजून दाखवले. मला वाटू लागलं, टळलं. दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी सकाळी मी टाकीपाशी गेलो तोच बसम्माचा फोन आला.

साक्षीला दोन दिवस कणकण होती. रविवारी टेस्ट होती म्हणून कारटीनं कोणाला सांगितलं नाही, गोळी घेऊन पेपर दिला. रात्री हुडहुडी भरली. सकाळी बसम्मानं रिक्षात घालून दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, साथच आहे सध्या, दोन दिवसांनी दाखवा. बसम्मा स्टुलावरून उठली नाही. "मी म्हनले, डॉक्टरसाहेब, सत्तावीस वर्षं झाली मला हिवतापवाल्याची बायको होऊन. ही पोरगी किनवटच्या जंगलातून आलीय. काचेवर रक्त बघितल्याबिगर मी इथून हलत न्हाई. बाकीचे पेशंट खोळंबले व्हते, खोळंबू दे म्हनले." रक्त बघितलं. डोक्यात जाणाराच निघाला.

मी चांगुणाबाईला घेऊन मिळेल त्या गाडीनं नांदेड गाठलं, तिथून लातूरची एसटी. लोह्याचा स्टँड मागे पडला. तेव्हा ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "माझ्या हातानं झालं, भाऊ. दुसऱ्या कुनी केलं असतं तर त्याचं तळपट केलं असतं मी."

"तुमच्या हातानं नाही," मी म्हणालो. "धुवू नका एवढंच मी सांगितलं. धुवायची झाली तर कशी, ते माझ्या पोटातच राहिलं. तुम्हाला विचारलंही नाही कधी, का धुतली नाही म्हणून. मला वाटलं, माझं ऐकता."

तिनं पदरानं डोळे पुसले. अहमदपूरला मी चहा आणला, तो तिनं हातात धरून गार केला.

साक्षी दवाखान्याच्या खाटेवर होती. सलाईन लावलेलं, ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. बसम्मा उशाशी बसून तिच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी बदलत होती. आम्हाला बघून ती उठली आणि आपली जागा चांगुणाबाईला दिली.

"आई," साक्षी म्हणाली. मग मला बघून, "मामा, बुधवारची टेस्ट बुडते की."

"मरू दे तुझी टेस्ट," मी म्हणालो आणि तोंड फिरवलं. असं उभ्या उभ्या रडणं मला शोभत नाही, पण रडलो.

औषध वेळेत पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी पोरीनं वरण-भात मागितला. पाचव्या दिवशी तिला खोलीवर आणली. बसम्मा आणि चांगुणाबाई एका चुलीपुढे बसून अकरा मुलींच्या भाकरी थापू लागल्या. दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही. मी दारात गेलो की गप्प व्हायच्या.

आठव्या दिवशी चांगुणाबाई निघाली. कापूस वेचणीला आला होता आणि व्यंकटला एकट्याला उरकणार नव्हतं. साक्षी राहणार होती, परीक्षा तोंडावर होती. पोरीच्या तोंडावरून हात फिरवून चांगुणाबाईनं कडाकडा बोटं मोडली, पायात चपला घातल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा आत जाऊन पोरीला बघून आली. "गाडी चुकंल," म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

तेव्हा बसम्मा आतून एक कापड घेऊन आली. साक्षीच्या उशीचा अभ्रा. आजारपणात घामानं भिजलेला, तेलानं पिवळा पडलेला.

"मामी, अगं तो मळका आहे," साक्षी आतून ओरडली. "मी धुवायच्या बादलीत टाकला होता."

"तू गप बस. तुला काय कळतंय." बसम्मानं अभ्र्याची चौपदरी घडी केली आणि चांगुणाबाईच्या हातात ठेवली. "बादलीतून काढून ठेवला मी. पानी लागलं न्हाई. तसाच न्या, ताई. पेटीत ठेवा. दसरा येऊ दे न्हाई तर दिवाळी, कुनाचं ऐकू नका."

चांगुणाबाईनं तो तिथेच नाकाला लावला. मग पिशवीतल्या कपड्यांच्या पार तळाशी घातला, वरून लुगडं दाबलं आणि पिशवीच्या तोंडाला दोन गाठी मारल्या.

स्टँडवर तिला बसवून आम्ही दोघं पायी परत निघालो. रस्त्यात क्लास सुटले होते. पाठीवर दप्तरं घेतलेल्या मुलींचे थवेच्या थवे समोरून येत होते, आणि बसम्मा एकेकीच्या तोंडाकडे बघत चालली होती. रुद्राणी असती तर पंचवीस वर्षांची असती, हे आम्हा दोघांनाही बोटं न मोजता ठाऊक होतं.

"अहो," बसम्मा म्हणाली, "ती छावणीतली बाई कुठल्या गावची व्हती, ठाऊक हाय का तुमाला?"

"नाही. नावही विचारलं नव्हतं."

"मी लई बोलले तिला." ती थांबली. पदरानं तोंड पुसून पुन्हा चालू लागली. "लेकराचंच कापड म्हनून धुतलं व्हतं तिनं. चांगल्या मनानं."

"हाव," मी म्हणालो. "आणि मी तुला वेडी म्हणालो होतो."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पण एकोणीस वर्षांनी भर रस्त्यात, एवढ्या मुलींच्या गर्दीत, तिनं माझा हात धरला.

"अकरा डबे भरायचेत," ती म्हणाली. "चला लवकर."

त्याच आठवड्यात मी बदलीचा अर्ज दिला.